वारेच्या पेशी खोल रुजल्या नाहीत, यात माझं काय चुकलं?

पत्र, थोडक्यात: "माझं वय ३१. सव्वा वर्षापूर्वी पहिलं बाळंतपण झालं. ३१व्या आठवड्यात डोकं ठणकायला लागलं, डोळ्यांपुढे काजवे चमकले. दवाखान्यात बीपी १७०/११० निघालं, लघवीतून प्रथिनं जात होती. २ दिवसांत सिझेरियन करावं लागलं. मुलगी १२०० ग्रॅमची होती, ५ आठवडे काचेत होती. आता छान आहे, घरभर चालते. वार तपासायला पाठवली होती. रिपोर्टात लिहिलंय की वार आठवड्यांच्या मानाने लहान, तिच्यात रक्तपुरवठा तुटून मेलेले भाग आहेत आणि गर्भाशयाच्या अस्तरातल्या रक्तवाहिन्या खराब झाल्यात. नेटवर वाचलं की या आजारात, म्हणजे प्रीएक्लॅम्प्सियात, वारेच्या पेशी नीट वाढत नाहीत आणि गर्भाशयात खोल शिरत नाहीत. तेव्हापासून वाटतं, माझ्या पिशवीनेच त्यांना शिरू दिलं नाही. सासूबाई म्हणतात, सातव्या महिन्यापर्यंत बँकेत खुर्चीवर बसून राहिलीस, लोणचं-पापड सोडले नाहीस, म्हणून झालं. नवऱ्याला दुसरं मूल हवंय, पण म्हणतो, तू ठरव. ओळखीतल्या एकीने सांगितलं की रोज पोटात इंजेक्शन घेतलं की पेशी खोल जातात. काही औषधांनी पेशींची शिरण्याची ताकद वाढते असं संशोधनाच्या बातम्यांतही वाचलं. या वेळी पेशी नीट शिराव्यात म्हणून मी काय करू? चान्स घ्यावा की नाही?"

रिपोर्ट तुम्ही बारकाईने वाचलात, आणि नेटवर जे सापडलं तेही बऱ्याच अंशी खरं आहे. पण 'माझ्या पिशवीने त्यांना शिरू दिलं नाही' हे वाक्य त्या रिपोर्टात कुठेच नाही. ते तुम्ही स्वतः जोडलंय आणि सव्वा वर्ष मनात बाळगलंय. औषधांचं नंतर बोलू. आधी हे वाक्य तपासू, कारण ते मनात असताना दुसऱ्या चान्सचा निर्णय मोकळेपणाने घेता येणार नाही.

वारेच्या पेशी आईच्या नसतात. फलनानंतर सहाव्या-सातव्या दिवशी गर्भ अस्तराला चिकटतो, तेव्हा तो जेमतेम शे-दोनशे पेशींचा गोळा असतो. आतल्या पेशींपासून बाळ होतं आणि बाहेरच्या थरापासून वार. या बाहेरच्या पेशींना ट्रॉफोब्लास्ट म्हणतात. त्यांच्यात निम्मी जनुकं तुमची असतात, निम्मी तुमच्या नवऱ्याची. नॉर्वेतल्या जन्मनोंदींवरून १९९८ साली एक अभ्यास झाला. एखाद्या पुरुषापासून झालेल्या गरोदरपणात प्रीएक्लॅम्प्सिया झाला असेल, तर त्याच्या पुढच्या, वेगळ्या जोडीदारणीलाही तो होण्याचा धोका जवळजवळ दुप्पट निघाला. नवऱ्याकडे बोट दाखवावं म्हणून हे सांगत नाही. जी गोष्ट दोघांच्या जनुकांतून आणि तिसऱ्याच एका जिवाच्या पेशींतून घडते, ती एकट्या तुमच्या माथी मारता येत नाही, एवढंच म्हणायचंय.

आता त्या पेशी नेमकं काय करतात ते पाहू. काही ट्रॉफोब्लास्ट वारेच्या अंकुरांवरच (बोटांसारख्या बारीक फाट्यांवर) राहतात आणि आईच्या रक्तातून प्राणवायू आणि पोषण बाळाकडे पोचवतात. काही मात्र अंकुरांच्या टोकांवरून सुटतात आणि गर्भाशयाच्या अस्तरात शिरतात. शिरण्याआधी त्यांना विभाजन थांबवावं लागतं. तुम्ही 'वाढत नाहीत आणि शिरत नाहीत' असं एका दमात लिहिलंय, पण या दोन गोष्टी एकमेकींच्या उलट चालतात. विभाजन करणारी पेशी शिरत नाही, आणि शिरायला निघालेली पेशी विभाजन थांबवते. १९९७ साली प्रयोगशाळेत हे स्पष्ट दिसलं: प्राणवायू अगदी कमी ठेवला की या पेशी नुसत्या संख्येने वाढत राहतात, आणि वाढवला की विभाजन सोडून आत शिरायची तयारी करतात. त्या तयारीत पेशीच्या पृष्ठभागावरचे चिकटण्याचे रेणू, म्हणजे इंटिग्रिन, बदलतात. पेशी एमएमपी-२ आणि एमएमपी-९ नावाची विकरं सोडते. ही विकरं वाटेतलं प्रथिनांचं जाळं विरघळवतात. सगळं सुरळीत झालं तर पेशी अस्तर पार करून गर्भाशयाच्या स्नायूच्या आतल्या एक तृतीयांश भागापर्यंत पोचतात.

वाटेत त्यांना आईच्या नागमोडी धमन्या भेटतात, आणि खरं काम तिथे होतं. पेशी धमनीच्या भिंतीतला स्नायू आणि लवचीक थर हटवून त्या जागी स्वतः बसतात. अशी धमनी मग आकसू शकत नाही, तिचं तोंड ५ ते १० पट रुंद होतं. भाजीच्या वाफ्यात पाटाचं तोंड रुंद ठेवलं की पाणी संथ पसरतं आणि मुळांना पोचतं. तेच पाणी बारीक पाइपातून जोरात सोडलं तर माती उडते, मुळं उघडी पडतात आणि वाफा धड भिजतही नाही. रुंदावलेल्या धमनीतून रक्त सेकंदाला साधारण १० सेंटिमीटर वेगाने वारेत उतरतं, आणि न रुंदावलेल्या धमनीतून १ ते २ मीटर वेगाने, असा अंदाज आहे. वारेच्या नाजूक अंकुरांना हा मारा सोसत नाही.

तुमच्यासारखा ३४ आठवड्यांच्या आत सुरू होणारा प्रीएक्लॅम्प्सिया असतो, तेव्हा बहुधा हे रुंदीकरण अर्धवट राहिलेलं असतं. ब्रोसेन्स, रॉबर्टसन आणि डिक्सन यांनी १९६७ साली निरोगी गरोदरपणात धमन्यांत होणारा हा बदल सूक्ष्मदर्शकाखाली दाखवला, आणि १९७२ साली प्रीएक्लॅम्प्सियात तो अस्तरापाशीच थांबतो हेही मांडलं. स्नायूतला धमनीचा भाग जसाच्या तसा अरुंद राहतो. पुढे समजलं की अशा वारेतल्या बऱ्याच पेशी इंटिग्रिनचा बदल पुरा करत नाहीत. त्या विभाजनाच्या अवस्थेतच अडकतात, आणि काही वेळेआधी मरतात. धमनीत स्नायू उरल्यामुळे ती अधूनमधून आकसते. रक्त कमी येतं, मग एकदम येतं, पुन्हा कमी होतं. या चढउतारानेच वारेचं सर्वात जास्त नुकसान होतं असं मानलं जातं. तुमच्या रिपोर्टातले मेलेले भाग आणि खराब झालेल्या रक्तवाहिन्या या त्याच्याच खुणा आहेत.

मग आईच्या पिशवीचा यात काहीच वाटा नसतो का? असतो. अस्तरात एका प्रकारच्या प्रतिकारपेशी भरपूर असतात, त्यांना एनके पेशी म्हणतात. त्या ट्रॉफोब्लास्टना मारत नाहीत, उलट धमन्या बदलायला मदत करतात. या पेशींच्या पृष्ठभागावरचे काही रेणू आईकडून ठरतात, आणि त्यांना ट्रॉफोब्लास्टवर जी खूण ओळखायची असते ती अंशतः वडिलांकडून आलेली असते. काही जोड्यांमध्ये हा संवाद चांगला होतो, काहींमध्ये कमी. हे जन्माआधीच ठरलेलं असतं. खाण्यापिण्याने, बसण्याउठण्याने ते बदलत नाही.

आता आठवडे मोजा. पेशी आत शिरण्याचं काम पाळी चुकण्याच्या सुमारास सुरू होतं आणि १८ ते २० आठवड्यांपर्यंत जवळपास संपतं. तुमचं बीपी ३१व्या आठवड्यात वाढलेलं सापडलं. जे बिघडायचं होतं ते त्याच्या अडीच-तीन महिने आधीच बिघडून झालं होतं, आणि तेव्हा तुमच्या फाईलमधला प्रत्येक आकडा बहुधा ठीक असणार. बँकेतल्या खुर्चीचा आणि पापडाचा यात हात नाही. प्रीएक्लॅम्प्सिया टाळण्यासाठी मीठ कमी करा किंवा घरी पडून राहा, असा सल्ला जागतिक आरोग्य संघटना देत नाही, कारण त्याने तो टळत नाही. सासूबाईंना एवढंच सांगा: "आई, हे चौथ्या-पाचव्या महिन्यापर्यंतच ठरून गेलं होतं, आणि तेव्हा ते डॉक्टरांनाही दिसत नव्हतं." त्यांनाही त्या ५ आठवड्यांची भीती बसली असेल. कारण सापडलं की भीती थोडी कमी होते, म्हणून माणसं जे हाताशी असेल ते कारण धरतात.

बीपी वाढतं कसं, तेही एकदा समजून घ्या. उपाशी राहिलेली वार आईच्या रक्तात एसएफएलटी-१ नावाचं प्रथिन भरमसाट सोडते. रक्तवाहिन्यांचं आतलं अस्तर निरोगी ठेवणारे व्हीईजीएफ आणि पीएलजीएफ हे घटक ते पकडून ठेवतं. २००३ साली गाभण उंदरांना हे प्रथिन देऊन बीपी, लघवीतली प्रथिनं आणि मूत्रपिंडातले बदल घडवून दाखवले गेले. रक्तवाहिन्यांचं अस्तर सगळीकडेच दुखावतं, म्हणून डोकं दुखतं, काजवे चमकतात, बरगडीखाली उजवीकडे कळ येते, प्लेटलेट कमी होतात. बीपीच्या गोळ्या बीपी उतरवतात आणि मेंदूतला रक्तस्राव टाळतात. त्या कामात साध्या गोळ्या किती उपयोगी आहेत हे २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत दिसलं. ती चाचणी नागपुरातल्या २ सरकारी रुग्णालयांत झाली. निफेडिपिन, लॅबेटॅलॉल आणि मिथाइलडोपा या तीनही तोंडाने घ्यायच्या औषधांनी बहुतेक बायकांचं अतिवाढलेलं बीपी ६ तासांत आवाक्यात आलं, निफेडिपिनने सर्वात जास्त जणींचं. पण आजाराचं मूळ वारेत असतं, आणि वार बाहेर आल्यावरच तो ओसरू लागतो. तुमचं सिझेरियन २ दिवसांत झालं ते यामुळेच. त्या निर्णयाने तुम्हा दोघींचा जीव वाचला असण्याची दाट शक्यता आहे.

(हे वाचणाऱ्या ज्या बायकांना ३७-३८ आठवड्यांत प्रीएक्लॅम्प्सिया झाला, त्यांनी वरचं सगळं स्वतःला लावून घेऊ नये. उशिरा येणाऱ्या प्रकारात पुष्कळदा धमन्या ठीक रुंदावलेल्या असतात. तिथे आईचं वजन, आधीचं बीपी, साखर, जुळी बाळं किंवा दिवस भरत आल्यावर वारेला अपुरी पडणारी जागा यांचा भाग मोठा असतो.)

तुमच्या प्रश्नात आणखी एक गोष्ट गृहीत धरलेली आहे: पेशी जितक्या खोल तितकं चांगलं. तसं नाही. सिझेरियनच्या व्रणावर अस्तर पातळ किंवा गायब असतं. वार तिथे बसली तर पेशी अडवायला कोणी नसतं. त्या स्नायूत फार खोल घुसतात, क्वचित मूत्राशयापर्यंत जातात. बाळंतपणात मग वार सुटत नाही आणि जिवावर बेतणारा रक्तस्राव होतो. तुम्हाला आता व्रण आहे. पेशी जोमाने शिराव्यात म्हणून काहीबाही घेणं हे तुमच्या बाबतीत मुळातच योग्य ध्येय नाही. पेशी किती आणि कुठवर जाव्यात याचा तोल बाळाचं आणि आईचं शरीर मिळून सांभाळतं, आणि तो ढकलणारं औषध आज कोणाकडेच नाही.

मग त्या संशोधनाच्या बातम्या? त्या खोट्या नाहीत, पण त्या कशावरून आल्या ते पाहा. बहुतेक वेळा हे प्रयोग एचटीआर-८ किंवा जेईजी-३ नावाच्या पेशींवर होतात. पहिल्या प्रकारच्या पेशी पहिल्या तिमाहीतल्या वारेतून घेऊन प्रयोगशाळेत कायमच्या वाढत राहतील अशा केलेल्या आहेत. दुसऱ्या वारेच्या कर्करोगातून आलेल्या आहेत. बारीक छिद्रांच्या पडद्यावर प्रथिनांचा जेलसारखा थर पसरतात, वर पेशी ठेवतात आणि एखाद दिवसाने किती पेशी खाली उतरल्या ते मोजतात. अमुक रेणू घातल्यावर जास्त उतरल्या, की बातमी होते. त्या भांड्यात धमनी नसते, रक्ताचा प्रवाह नसतो, अस्तरातल्या एनके पेशी नसतात. दुसरी अडचण याहून मोठी आहे. आजारी वार अभ्यासाला मिळते ती बाळंतपणानंतर, म्हणजे पेशी शिरायच्या थांबल्यानंतर कित्येक महिन्यांनी. तिच्यात एखादा रेणू कमी सापडला तर तो बिघाडाचं कारण होता की बिघाडाचा परिणाम, हे त्यावरून सांगता येत नाही. शिवाय ट्रॉफोब्लास्ट शिरण्यासाठी जी विकरं वापरतात तीच कर्करोगाच्या पेशीही वापरतात. म्हणून सरसकट शिरण्याची ताकद वाढवणारं काहीही गरोदर बाईला देण्याआधी फार मोठी खात्री लागते. आज ती नाही.

पोटात घ्यायची इंजेक्शनं बहुधा हेपॅरिनची, म्हणजे रक्त गोठू न देणाऱ्या औषधाची, असतात. ती पेशींना खोल नेत नाहीत. रक्तात अँटिफॉस्फोलिपिड प्रतिपिंडं (गुठळ्या होण्याचा धोका वाढवणारी) सापडली तर ॲस्पिरिनच्या जोडीने हेपॅरिन दिलं जातं आणि त्याचा उपयोग होतो. ती नसताना, केवळ आधी प्रीएक्लॅम्प्सिया झाला म्हणून दिलेल्या हेपॅरिनचा फायदा मोठ्या चाचण्यांत दिसलेला नाही. पोटावर रोज सुई, खर्च आणि रक्तस्रावाची शक्यता मात्र वाढते. बाळाची वाढ कमी आहे म्हणून कुणी सिल्डेनाफिल हे रक्तवाहिन्या सैल करणारं औषध सुचवलं तर स्पष्ट विचारा, का. नेदरलँड्समधली त्याची चाचणी २०१८ साली नवजात बाळांच्या मृत्यूंमुळे थांबवावी लागली. क आणि ई जीवनसत्त्वांच्या मोठ्या मात्रांनी प्रीएक्लॅम्प्सिया टळत नाही. रक्तातल्या एनके पेशी मोजण्याच्या महागड्या तपासणीवरही पैसे घालवू नका. रक्तातल्या आणि गर्भाशयातल्या एनके पेशी वेगळ्या असतात.

उपयोगाचं जे आहे ते स्वस्त आहे. पहिलं, ॲस्पिरिन. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या 'ॲस्प्री' चाचणीत जास्त धोका असलेल्या बायकांना ११ ते १४ आठवड्यांपासून ३६ आठवड्यांपर्यंत रोज रात्री १५० मिलिग्रॅम ॲस्पिरिन दिलं. ३७ आठवड्यांआधी बाळंतपण करावं लागेल असा प्रीएक्लॅम्प्सिया त्यांच्यातल्या १.६ टक्के जणींना झाला, आणि नुसती खोटी गोळी घेणाऱ्यांतल्या ४.३ टक्के जणींना. ३७ आठवड्यांनंतरच्या आजारात मात्र फरक पडला नाही. ॲस्पिरिन पेशींना खोल जायला लावतं असं सिद्ध झालेलं नाही. तरीही लवकर येणारा, धोक्याचा प्रकार ते पुष्कळांच्या बाबतीत टाळतं किंवा लांबवतं. दोन गोष्टींवर सगळं अवलंबून आहे: १६ आठवड्यांच्या आत सुरू करणं, आणि न चुकता घेणं. दहातल्या नऊ गोळ्या किंवा त्याहून जास्त घेतलेल्या बायकांनाच पुरेपूर फायदा झाला. आपल्याकडे ७५ मिलिग्रॅमची गोळी सहज मिळते, म्हणून डॉक्टर बहुधा रात्री दोन घ्यायला सांगतील. अल्सर, ॲस्पिरिनची ॲलर्जी किंवा त्याने उठणारा दमा असेल तर आधी सांगा. स्वतःहून सुरू करू नका.

दुसरं, कॅल्शियम. सरकारी कार्यक्रमात ५०० मिलिग्रॅमची गोळी दिवसातून दोनदा, १४ आठवड्यांपासून देतात. २०२४ साली बंगळूरु आणि टांझानियातल्या मोठ्या चाचण्यांचे निष्कर्ष आले. प्रीएक्लॅम्प्सिया टाळायला रोज ५०० मिलिग्रॅम कॅल्शियम हे १५०० मिलिग्रॅमइतकंच चांगलं ठरलं. मोठ्या मात्रेच्या मागे लागू नका. कॅल्शियम आणि लोहाची गोळी एकत्र घेऊ नका, दोन तासांचं अंतर ठेवा.

आता चान्सचं. ब्रिटनच्या 'नाइस' संस्थेच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार, २८ ते ३४ आठवड्यांत बाळंतपण करावं लागलं असेल तर पुढच्या गरोदरपणात प्रीएक्लॅम्प्सिया पुन्हा होण्याची शक्यता सुमारे ३३ टक्के असते. म्हणजे तिघींत एकीला होतो, दोघींना होत नाही. ज्यांना होतो त्यांतल्या बऱ्याच जणींना तो आधीपेक्षा उशिरा आणि सौम्य होतो. हा आकडा कुणाला मोठा वाटेल, कुणाला लहान, आणि दोन्ही बरोबर आहे. एकीवर थांबायचं ठरवलंत तर त्यात पळपुटेपणा काही नाही. पण तुमच्या पत्रावरून मला वाटतं, तुम्हाला मूल नको असं नाही. तीच रात्र पुन्हा येईल याची भीती आहे. माझं मत असं की आज 'हो' किंवा 'नाही' ठरवूच नका. सिझेरियननंतर पुढची गर्भधारणा होईपर्यंत दीड ते दोन वर्षं जाऊ द्यावीत, त्यामुळे तुमच्याकडे अजून काही महिने आहेत. या काळात तपासण्या करा आणि त्यांचे निकाल समोर ठेवून ठरवा. ते निकाल तुमची शक्यता त्या ३३ टक्क्यांच्या वर नेतात की खाली, हे बऱ्यापैकी सांगतील.

तपासण्या अशा: औषध न घेता सध्याचं बीपी किती. बाळंतपणानंतर ३ महिन्यांनीही ते वाढलेलंच राहिलं असेल तर तो आधीपासूनचा उच्च रक्तदाब धरतात, आणि मग आखणी वेगळी होते. लघवीतलं प्रथिन-क्रिएटिनिनचं प्रमाण, रक्तातलं क्रिएटिनिन, साखर, आणि वजन-उंची. बाळंतपण ३४ आठवड्यांआधी झाल्यामुळे अँटिफॉस्फोलिपिडच्या तीनही तपासण्या, म्हणजे ल्युपस अँटिकोआग्युलंट, अँटिकार्डिओलिपिन आणि बीटा-२ ग्लायकोप्रोटीन. एखादी पॉझिटिव्ह आली तर १२ आठवड्यांनी पुन्हा, तेव्हाच निदान पक्कं होतं. बीपीसाठी टेल्मिसार्टन, रॅमिप्रिल किंवा त्या गटातलं काही सुरू असेल तर ते दिवस राहण्याआधीच बदलून घ्यायला हवं, कारण बाळाच्या मूत्रपिंडांना त्याने इजा होते. ही गोष्ट फार वेळा राहून जाते. वजन जास्त असेल तर आता कमी केलेले ५-७ किलो दिवस राहिल्यानंतरच्या कुठल्याही पथ्यापेक्षा जास्त कामाचे. फोलिक ॲसिड रोज ४०० मायक्रोग्रॅम घ्या, पण ते बाळाच्या मेंदू आणि मणक्यासाठी. मोठ्या मात्रेने प्रीएक्लॅम्प्सिया टळत नाही.

दिवस राहिलेच, तर सहाव्या-सातव्या आठवड्यात सोनोग्राफी करा आणि गर्भ सिझेरियनच्या व्रणापासून दूर आहे ना, हे मुद्दाम विचारा. ११ ते १३ आठवड्यांच्या सोनोग्राफीत गर्भाशयाच्या धमन्यांचं डॉपलर, म्हणजे रक्तप्रवाहाची तपासणी, करायला सांगा. त्यात प्रवाहाला अडथळा दिसला नाही तरी तुम्हाला ॲस्पिरिन लागेलच, पण पुढे किती जवळून लक्ष ठेवायचं ते कळेल. २० आठवड्यांच्या सुमारास वार कुठे आहे ते पाहा. ती खाली, व्रणावर असेल तर अनुभवी सोनोलॉजिस्टकडून पुन्हा तपासून घ्या. २६-२८ आठवड्यांपासून दर ३-४ आठवड्यांनी बाळाची वाढ आणि डॉपलर. रोज अर्धा तास चाला. बँकेतलं काम डॉक्टरांनी वेगळं सांगितलं नाही तर चालू ठेवा.

घरी बीपीचं यंत्र ठेवा, दंडावर लावायचं, मनगटावरचं नको. गरोदरपणात तपासून प्रमाणित केलेलं मिळालं तर उत्तम. दंडाचा घेर ३३ सेंटिमीटरपेक्षा जास्त असेल तर मोठा पट्टा लागतो, नाहीतर आकडा खोटाच वाढतो. ५ मिनिटं पाठ टेकून बसा, पाय जमिनीवर, हात छातीच्या उंचीवर टेकलेला, बोलायचं नाही. कुशीवर झोपून वरच्या हातावर मोजलं तर आकडा खोटाच कमी येतो. १३५/८५ च्या वर जाऊ लागलं तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. १४०/९० असेल तर जाऊन दाखवा. १६०/११० असेल, किंवा बीपी कितीही असो पण डोकं फुटेल असं दुखत असेल, दिसायला गडबड होत असेल, बरगडीखाली कळ येत असेल, बाळाची हालचाल मंदावली असेल, तर फोनवर सल्ला घेत बसू नका, १०८ बोलवा किंवा गाडी काढा. जिथे नाव घालाल तिथे नवजात बाळांचा अतिदक्षता विभाग, रक्ताची सोय आणि झटके रोखणारं मॅग्नेशियम सल्फेट कायम असतं का, हे पाचव्या महिन्यातच विचारून ठेवा. बाळंतपणानंतर तिसऱ्या ते सहाव्या दिवशी बीपी पुन्हा चढतं, तेव्हा माहेरी गेलात तरी यंत्र बरोबर न्या.

दुसरं मूल होवो न होवो, एक गोष्ट तुमच्या स्वतःसाठी. प्रीएक्लॅम्प्सिया झालेल्या बाईला पुढे हृदयविकाराचा धोका साधारण दुप्पट असतो. वर्षातून एकदा बीपी, आणि अधूनमधून साखर आणि कोलेस्टेरॉल पाहा. कुठल्याही नव्या डॉक्टरांना, ते हाडांचे असोत की डोळ्यांचे, हा आजार झाला होता हे सांगा.

पहिल्या भेटीला नवऱ्याला बरोबर न्या. 'तू ठरव' म्हणणं प्रेमाचं असलं तरी त्याने सगळा भार तुमच्यावर येतो. ३३ टक्के हा आकडा आणि पोटातल्या इंजेक्शनांचं खरं-खोटं त्यांनी डॉक्टरांच्या तोंडून स्वतः ऐकायला हवं. बरोबर डिस्चार्ज कार्ड, वारेचा रिपोर्ट, त्या वेळचे प्लेटलेट, यकृत आणि क्रिएटिनिनचे आकडे, मुलीचं जन्मवजन आणि सिझेरियन नेमकं कशा प्रकारे केलं त्याची नोंद न्या. ३१ आठवड्यांत गर्भाशयाचा खालचा भाग पुरता तयार झालेला नसतो, त्यामुळे कधीकधी उभा छेद द्यावा लागतो. तसं असेल तर पुढचं बाळंतपण कळा सुरू होण्याआधीच सिझेरियनने करावं लागेल. डिस्चार्ज कार्डावर ती ओळ नसेल, तर त्याच दवाखान्यातून ऑपरेशनच्या नोंदीची प्रत मागून घ्या.